विहाराचं दार आणि सोळा एमएमची प्लेट

सप्टेंबरची तीन तारीख, सकाळ. काउंटरवर एक राउटर उताणा पडला होता आणि मी त्याच्या खांबांतल्या स्प्रिंगा काढत होते. समोर रामटेके भाऊ उभे. मशीन त्यांचं होतं, नुकतंच खोक्यातून निघालेलं. पहिल्याच दिवशी मी त्याचं पोट उघडलेलं त्यांना पाहवत नव्हतं.

"ताई, स्प्रिंग कावून काढून राहिल्या? कंपनीनं लावली म्हनजे काही कामाचीच असंल ना."

"मशीन हातात धरून चालवणार असाल तर कामाची. तुम्ही ते टेबलाखाली उलटं टांगणार. मग ही स्प्रिंग रोज तुमच्याशी भांडेल."

त्यांनी एक स्प्रिंग बोटानं दाबून बघितली. मग म्हणाले, "काढा. पन फेकू नका, मले द्या." काढलेल्या स्प्रिंगा त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या. स्टील प्लांटमधला जुना फिटर सुटा भाग कधी फेकत नाही. आमच्या भिलाईत अशा स्प्रिंगा, नट आणि बेअरिंगांनी भरलेले डालड्याचे डबे घरोघरी सापडतील.

माझं दुकान खुर्सीपारला आहे. लाकूडकामाची आणि लोखंडकामाची विजेवर चालणारी हत्यारं मी विकते आणि दुरुस्तही करते. या अंकासाठी संपादकांनी 'बाईमाणूस मशीनच्या दुकानात' असं काहीतरी लिहायला सुचवलं होतं. त्यावर माझ्याकडे अर्धं पानही निघणार नाही. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा नवल वाटतं आणि दुसऱ्यांदा तो घासाघीस करतो, एवढीच ती गोष्ट. त्यापेक्षा राउटरबद्दल सांगते. त्यात गंमत जास्त आहे.

आधी एक खुलासा. हा राउटर इंटरनेटचा नाही. पाटीवर नाव वाचून तसे लोकही येतात आणि कानाला फोन लावलेलेच परत जातात. माझ्या दुकानातला राउटर म्हणजे एक मोटर आणि तिच्या टोकाला पकडलेलं धारदार पातं. त्या पात्याला बिट म्हणतात. ते भयंकर वेगानं फिरतं आणि लाकडाच्या कडेला गोलाई, खाच, उतार, जे हवं ते कोरतं. छोट्या कामाला मशीन हातात धरून लाकडावर फिरवतात. मोठ्या कामाला ते टेबलाखाली उलटं बसवतात. टेबलाच्या भोकातून फक्त बिट वर डोकावतं, आणि मग मशीन जागेवर राहून लाकूड सरकतं.

टेबलासाठी राउटर घ्यायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. जोरदार द्या. मी जोराचा विषय सगळ्यात शेवटी काढते. आधी विचारते की बिट कोणतं लावणार. मोठ्या बिटाची दांडी जाड असते, ती पकडणारा जबडाही त्याच मापाचा हवा. अर्धा इंच आणि बारा एमएम ही दोन मापं दिसायला सख्ख्या बहिणी वाटतात, पण अर्ध्या इंचाच्या जबड्यात बारा एमएमची दांडी बसवली तर चालू मशीनमध्ये निसटते. मग विचारते वेग कमी करता येतो का. जत्रेतल्या चक्रीत मधल्यापेक्षा कडेला बसलेल्याला जास्त भोवळ येते, तसंच बिटाचं. जेवढं रुंद बिट, तेवढी त्याची कड जोरात पळते, म्हणून त्याला हळू फिरवावं लागतं. ज्या मशीनला वेगाची चकती नाही ते टेबलाला निरुपयोगी. आणि तिसरं, उलटं टांगल्यावर उंची कशी बदलणार? दर वेळी गुडघ्यावर बसून टेबलाखाली डोकं घालायचं असेल तर माणूस महिनाभरात कंटाळतो.

हे सगळं झाल्यावर जोर. जोर लागतोच. पण जोर बैलात असतो तसा वळूतही असतो, नांगराला कुणाला जुंपायचं ते वेगळं ठरवावं लागतं.

एक ठेकेदार आला होता. कलिंगड निवडावं तसे त्यानं सगळे राउटर एकेक करून हातात तोलले आणि म्हणाला, "दीदी, सबसे भारी वाला दे दो." मी विचारलं, हातात चालवणार की टेबलावर? तो म्हणाला, मिस्त्री बघेल. मिस्त्रीनं बघितलं. ते धूड तिसऱ्या मजल्यावर नेऊन हातात धरून चालवायला त्यानं साफ नकार दिला आणि ठेकेदार मशीन घेऊन परत आला. मी त्याला टेबल करून दिलं. जे वजन हातात नको होतं, ते टेबलाखाली कुणालाच जड झालं नाही. आज तो माझं नाव सांगत फिरतो आणि अजूनही मशीन तोलूनच घेतो.

हुडको वसाहतीतल्या एक बाई फोटोच्या चौकटी करायच्या. हात फार साफ. पण त्यांनी टेबलाखाली बांगडीएवढं छोटं मशीन बांधलं आणि त्याच्याकडून सागाचे मोठे उतार काढून घेतले. ते जळलं. त्यांनी व्होल्टेजला दोष दिला, दुसरं तसंच घेतलं, तेही जळलं. मोठं मशीन घ्या म्हणून मी सांगत राहिले, त्या घरातल्या वायरी बदलत राहिल्या. शेवटी चौकटी सोडून त्यांनी पापड सुरू केले. पापड चांगले असतात. मला मात्र त्या चौकटी आठवतात.

आता रामटेके भाऊ.

ते प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. मूळचे भंडाऱ्याकडचे, घर मरोद्याला, पण लहानपण सगळं खुर्सीपारला गेलेलं. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर जे बुद्धविहार आहे, तिथं ते अजूनही दर रविवारी येतात. राउटर घ्यायला आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, करणार काय? ते म्हणाले, "बोलून नाही समजणार. चला, ऐकवतो." ऐकवतो का म्हणाले, ते तिथं गेल्यावर कळलं.

विहाराला लोखंडी दार होतं. आमच्या गावात दार म्हणजे लोखंडाचंच. भिलाईत तुळशीच्या कुंडीखालचा स्टँड हत्ती पेलेल असा असतो. ते दार भाऊंनी हातानं लोटलं आणि ते असं किंचाळलं की समोरच्या पानठेल्यावरचा माणूसही वळून बघायला लागला.

"आतमंदी पंचशील सुरू असते," भाऊ म्हणाले. "सगळे डोळे मिटून बसले असतात. कोनी उशिरा येते, दार किंचाळते, अन् सगळे मांगं पाहतात. ज्याची ड्यूटी उशिरा सुटली तो बिचारा चोरावानी आत येते. आता तर काही लोक उशीर झाला का घरीच थांबतात."

तेल घातलं, बिजागरं बदलली, काही उपयोग झाला नव्हता. चौकटच वाकली होती. तेव्हा विहाराच्या बैठकीत भाऊंनी सांगून टाकलं, नवं दार लाकडाचं, सागाचं, आणि ते मी करतो. बैठकीत हशा झाला. ज्यानं सगळी नोकरी लोखंडात काढली तो लाकडाचं दार करणार. समितीचे अध्यक्ष गजभिये हसले नाहीत. ते कोरडे, हिशेबी गृहस्थ. त्यांनी एवढंच म्हटलं की अशोक विजयादशमीला दार लागलेलं पाहिजे. त्याच्या पंधरवडाभर आधी फळ्या तयार दिसल्या नाहीत तर वेल्डरला सांगून टाकू. वेल्डर चार दिवसांत लोखंडी दार उभं करतो.

म्हणजे भाऊंचा शब्द दसऱ्याला बांधलेला होता. दाराच्या दोन्ही झडपांत जाड फळ्या बसणार होत्या, त्यांना चारही बाजूंनी रुंद उतार हवा होता. त्याला तीन बोटं रुंदीचं बिट लागतं, आणि असं बिट हातात धरलेल्या मशीनला कधीच लावायचं नसतं. टेबलच हवं. मी त्यांना जाड दांडीचं, वेगाची चकती असलेलं, वरून किल्ली घालून उंची बदलता येईल असं मशीन निवडून दिलं. जोरही भरपूर होता. टेबलाचं काय, विचारलं तर छाती फुगवून म्हणाले, "टेबल आहे माह्याकडं. तसं टेबल कोनाकडं नसंल." मी पुढं काही विचारलं नाही. फिटरचं टेबल, ते भक्कमच असणार.

भक्कम होतं. तोच तर घोटाळा झाला.

पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा दुकानात आले. चेहरा उतरलेला. खिशातून सागाचा एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला. उतारावर लाटा उठल्या होत्या, मध्येमध्ये लाकूड काळं पडलं होतं.

"जोर कमी पडून राहिला ताई. याच्याहून मोठं मशीन द्या. गजभिये काल घरी येऊन गेले. अजून एकबी फळी दाखवाले नाही माह्याजवळ."

मोठं मशीन माझ्याकडे होतं. मागच्याच फळीवर, खोक्यात. गिऱ्हाईक स्वतःहून मागत असताना न देणारा दुकानदार मूर्ख म्हणवतो. पण तो तुकडा बघून मला ते पटेना. जोर कमी पडला तर मोटर रडते आणि वेग बसतो. लाटा उठतात त्या बिट थरथरलं तर. मी दुकान अर्धं लावलं, भाऊंना स्कूटीवर मागं बसवलं आणि मरोद्याला गेले.

घराच्या मागं टिनाच्या शेडमध्ये ते टेबल. पाय लोखंडी चॅनेलचे, वर सोळा एमएमची लोखंडी प्लेट, घासून आरशासारखी केलेली. ट्रक उभा केला असता तरी हललं नसतं. मधल्या भोकाभोवती गोलाकार अक्षरं ठोकलेली होती, फिटर लोक पंचनं ठोकतात तशी. साहू, पिल्लई, यादव, खान, देशमुख, सिंग. भाऊंच्या निवृत्तीला त्यांच्याबरोबरच्या फिटरांच्या गँगनं केलेली भेट होती ती. शाल-श्रीफळ प्लांटनं दिलं आणि गँगनं टेबल.

मी आधी बोर्डावरून प्लग काढला, मग खाली वाकून बघितलं. मशीन जेवढं वर येऊ शकत होतं तेवढं आलेलं होतं, पण वर सोळा एमएमची प्लेट होती. बिट काही टेबलाच्या वर पोचेना. म्हणून भाऊंनी ते जबड्यातून ओढून ओढून वर काढलं होतं. दांडीचं जेमतेम टोक पकडीत उरलं होतं. ते थरथरणार नाही तर काय? आणि अजून मोठं मशीन लावलं असतं तर तेवढं टोकही सुटून बिट बंदुकीच्या गोळीसारखं शेडमधून गेलं असतं. भाऊंमधून गेलं नसतं तर नशीब.

"भाऊ, मशीनचा काही दोष नाही. तुम्ही त्याला विहिरीत उभं केलं आहे आणि वर हात का पोचत नाही म्हणून रागावताय. मशीन बसतं तिथं सहा एमएम खूप झालं."

"सहा एमएम?" त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "सहा एमएम तर पत्रा होय. प्लेट नाही म्हनत त्याले."

"मग पत्रा लावा."

तोवर प्रमिलावहिनी, भाऊंच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. मी त्यांनाही दांडीचं टोक दाखवलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"सगळी नोकरी भट्टीजवळ केली, दहाच्या दहा बोटं घरी आणली," त्या म्हणाल्या. "आता दारासाठी घालवता काय?"

भाऊ मान खाली घालून अक्षरांवर बोट फिरवत होते. भोकाभोवतीचा चौकोन कापून तिथं पातळ पत्रा बसवणं हा सरळ उपाय होता आणि तो त्यांनाही कळला होता. पण कापायची जागा नेमकी नावांची होती. पिल्लई आता केरळात होते. खान तर राहिलेच नव्हते. भाऊ म्हणाले, दार नाही झालं तर नाही झालं, वेल्डरले सांगू दे गजभियेले, मी हे कापनार नाही.

मी अशा वेळी समजूत घालत बसत नाही, मला ते येतही नाही. मी चहा प्यायले. टेबल हे ठेवायचं तर दुसरं प्लायचं टेबल करावं लागेल, त्याला किती दिवस जातील, याचा मनात विचार करत होते. वहिनी मात्र वाकून टेबलाखाली बघत होत्या.

"नावं वरतून आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग खालून खरवडा."

आम्ही दोघंही खाली वाकलो. खालून मशीन बसतं तेवढीच जागा दहा एमएम खोल कोरून काढली तर वर सहा एमएम उरत होते, नावं जागच्या जागी राहत होती आणि मशीन त्या खड्ड्यात वर सरकत होतं. इतकी साधी गोष्ट. ती मला का सुचली नाही याचं उत्तर असं की मी विकणारी, माझा विचार नेहमी दुसऱ्या वस्तूकडे जातो. भाऊंना का सुचली नाही ते त्यांनीच सांगितलं.

"जिंदगीभर झिजलेलं भरून काढलं मी. शाफ्ट झिजला, भर वेल्डिंग. प्लेट पातळ झाली, लाव पॅच. अन् आता चांगल्या प्लेटीले आपल्या हातानं झिजवू?"

"झिजवत नाही तुम्ही," मी म्हटलं, "जागा करून देताय."

त्यांना ते पटलं की गजभिये आठवले, कोण जाणे. प्लेटचे बोल्ट त्यांनी त्याच दुपारी खोलले.

नंदिनी रोडच्या मागं साहूचं मिलिंगचं, म्हणजे लोखंड कोरायचं, वर्कशॉप आहे. हा त्या प्लेटवरचाच साहू. प्लेट उलटी करून मशीनवर चढवली तेव्हा त्यानं खालून आपलं नाव चाचपलं आणि म्हणाला, "नाम तो बच जाएगा रामटेके, बस पेट थोड़ा अंदर हो जाएगा." भाऊंचं स्वतःचं पोट बघून तो हे म्हणाला आणि वर्कशॉपमधले सगळे हसले. प्लेट कोरायला वेळ लागला, लोखंडाचे निळे तुरे पायाशी पडत राहिले, आणि भाऊ ऑपरेशन थिएटरबाहेर थांबावं तसे फेऱ्या मारत राहिले. फरक एवढाच की दर फेरीला आत येऊन ते ऑपरेशन कसं करायचं ते सांगत होते. साहूनं त्यांना दोनदा बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मी मरोद्याला जाऊन मशीन स्वतः बसवलं. दांडी जबड्यात पुरी गेली. वेगाची चकती खाली आणली. मग भाऊंना सांगितलं, लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं, म्हणजे बिट ज्या बाजूनं येतं त्याच्या समोरून, आणि एका दमात सगळा उतार काढायचा नाही, तीन-चार वेळा थोडा थोडा. भाऊंनी पहिली फळी सरकवली. मशीन गुरगुरलं आणि पुढं चालत राहिलं. शेवटच्या खेपेनंतर त्यांनी फळी उजेडात धरली, उतारावरून अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिली. लाट नाही, डाग नाही. त्यांनी कपाटातला डबा काढला, रुमालातल्या त्या स्प्रिंगा त्यात टाकल्या आणि झाकण लावलं. म्हणजे आता त्या लागणार नाहीत, असं त्यांनी मान्य केलं होतं.

गजभिये फळ्या बघायला आले ते मुदतीच्या आदल्या दिवशी. ते फळीला फळी लावून, एक डोळा मिटून बघत राहिले. मग विचारलं, "पॉलिश कोणतं लावणार?" वहिनींनी मला हे फोनवर सांगितलं. गजभियेंच्या तोंडून एवढं आलं म्हणजे वेल्डर गेला, असा वहिनींनी लावलेला अर्थ होता आणि तो बरोबर निघाला.

दसऱ्याच्या सकाळी वंदनेला या म्हणून भाऊ मुद्दाम दुकानात सांगून गेले. दसऱ्याला दुकानात मशीनांची पूजा असते. मी नवस-सायास करणारी बाई नाही, पण ज्या मशीनांवर घर चालतं त्यांना वर्षातून एकदा पुसून झेंडू वाहायला हरकत नाही. ते करता करता उशीर झाला. धावतच विहाराशी पोचले तेव्हा आतून पंचशीलाचा आवाज येत होता.

दार बंद होतं. सागाच्या दोन झडपा, पितळी बिजागऱ्या, उतारांवर सकाळचं ऊन. बघत उभं राहायला वेळ नव्हता. भिलाईतल्या लोखंडी दारांची सवय हाताला होती, म्हणून मी खांदा लावून नेहमीच्या जोरानं लोटलं. ते इतकं हलकं उघडलं की मी जवळजवळ आत पडलेच. चौकट धरून सावरले. मग वर बघितलं.

आतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून बसलेली. एकही मान वळली नाही. गजभियेंचीही नाही. भाऊ पहिल्या रांगेत होते, त्यांची पाठ ताठ. मी शेवटच्या रांगेत वहिनींजवळ जागा बघून बसले. वहिनींनी डोळे न उघडता पदर आवरून मला सरकायला जागा दिली.

माझ्यानंतर अजून एक जण आला, ड्यूटीच्या बुटांत, हेल्मेट काखेत. तो दारात थबकला. वळून बघणाऱ्या माना शोधत होता. कुणीच बघत नाही म्हटल्यावर बूट काढून हळूच येऊन बसला.

बाहेर पडताना भाऊंनी विचारलं, "किती वाजता आल्या होत्या, ताई?" मी म्हटलं, उशिरा. "समजलंच नाही," ते म्हणाले, आणि मी या माणसाला इतकं खूष आधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेले. शटर अर्ध्यावर नेलं आणि ते नेहमीसारखं केकाटलं. इतकी वर्षं ते रोज असंच केकाटत होतं, समोरचा पानठेलेवाला त्यावरून घड्याळ लावायचा. मी तसंच अर्ध्यावर सोडलं, वाकून आत गेले, ग्रीसचा डबा आणि कापडाची चिंधी शोधली, स्टूल ओढलं आणि शटर ज्यांतून सरकतं ते दोन्ही बाजूंचे पाट वरपासून खालपर्यंत पुसून ग्रीस भरलं. मग शटर पूर्ण वर नेलं. पानठेलेवाल्यानं पान लावता लावता मान वर केली तेव्हा दुकान उघडून बराच वेळ झाला होता.